प्रच्छन्न कडचित्रें व त्यांचा कालनिर्णय

१

पुस्तक मिटलेलें असतां ज्याचा मागमूसहि लागत नाहीं, आणि पानें किंचित् तिरकीं सरकवून पंख्याप्रमाणें पसरतांच जें डोळ्यांसमोर उभें राहतें, अशा चित्रास इंग्रज ग्रंथसंग्राहक ‘फोर-एज पेंटिंग’ म्हणतात. पुस्तकाच्या पाठीच्या समोरची जी उघडी कड, तिच्या ठिकाणीं तें काढलेलें असतें. म्हणून या लेखांत आम्ही त्यास ‘कडचित्र’ म्हणूं. या चित्रांचा संग्रह करण्याचा नाद इंग्लंड व अमेरिका या देशांत दीर्घकाल चालत आला आहे, व त्यावर स्वतंत्र ग्रंथहि झाले आहेत. मराठी वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु जुन्या वस्तूचा काल कोणत्या प्रमाणावर ठरवावा, आणि एका वस्तूच्या जुनेपणावरून तिला चिकटलेल्या दुसऱ्या वस्तूचें जुनेपण गृहीत धरावें कीं नाहीं, हे जे प्रश्न पोथ्या जमविणारांपुढें रोज उभे राहतात, तेच येथें अत्यंत स्वच्छ रूपांत दिसतात. म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें हा विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगतों. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेलें साल हेंच चित्राचेंहि साल, असें मानण्याची जी चाल विक्रेत्यांनीं पाडली व संग्राहकांनीं मुकाट्यानें पत्करली, ती सर्वस्वी अप्रमाण आहे. या चित्रांपैकीं पुष्कळशीं पुस्तकाहून बऱ्याच उत्तरकालचीं आहेत. आणि ही गोष्ट मान्य केल्यानें या कलेची किंमत कमी होत नाहीं. उलट तिचा खरा इतिहास तेव्हांच हातीं लागतो.

२

प्रथम या चित्राची रीत समजून घेणें अवश्य आहे. कारण पुढील सर्व वाद तिच्यांतूनच निघतो. चित्रकार पुस्तकाचीं पानें एका बाजूस ढकलून तिरकीं पसरतो, व त्याच स्थितींत तीं दाबांत घट्ट आंवळतो. असें केल्यानें प्रत्येक पानाच्या काठाची केसाएवढी पट्टी उघडी पडते, आणि अशा शेंकडों पट्ट्या एकमेकींस लागून एक लांबट फलक तयार होतो. या फलकावर जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें जलरंगांत चित्र काढावयाचें. कुंचला अधिक ओला राहिला तर रंग पानांच्या आंत झिरपून तीं डागाळतात. रंग सुकल्यावर दाब सोडला व पुस्तक पूर्ववत् मिटलें, कीं प्रत्येक पट्टी शेजारच्या पानाखालीं दडते. मग सरळ कडेवर सोन्याचा वर्ख चढविला म्हणजे बाहेरून केवळ सोनेरी कड दिसते.

हिशेबानें पाहूं. पुस्तक अडीचशे पानांचें असून पसरल्यावर सव्वा इंच रुंदीचा फलक मिळाला, तर प्रत्येक पानाच्या वांट्यास इंचाचा दोनशेवा भाग येतो. एवढ्याशा रेघेंत एखाद्या पुलाची कमान किंवा झाडाचा शेंडा यांचा दोनशेपन्नासावा अंश असतो, आणि एकटें पान हातीं घेतलें तर काठावरील किंचित् मळकटपणापलीकडे तेथें कांहींच दिसत नाहीं. याच युक्तीच्या वाढीनें पुढें दुहेरी कडचित्रें निघालीं. पानें एका बाजूस पसरलीं तर एक चित्र, दुसऱ्या बाजूस पसरलीं तर दुसरें. तिसरें चित्र थेट मिटल्या कडेवर काढून तिहेरी पुस्तकेंहि केलेलीं आहेत.

येथें एक प्रश्न नीट विचारला पाहिजे: रंग कोठें आहे, आणि सोनें कोठें आहे? रंग आहे पानाच्या पृष्ठभागावर, काठालगत. सोनें आहे कागदाच्या जाडीवर. हीं दोन स्थानें निरनिराळीं आहेत. ज्या पुस्तकाची कड इ. स. १७९० मध्यें सोनेरी झाली, तें इ. स. १९२० मध्यें एखाद्यानें पसरून दाबांत धरलें व त्यावर चित्र काढलें, तर जुन्या वर्खास धक्का लागण्याचें कारण नाहीं. मिटल्यावर तें पुस्तक सव्वाशें वर्षांपूर्वींचेंच भासेल. ‘चित्र सोन्याखालीं आहे, अर्थात् तें सोन्याहून जुनें आहे,’ हा जो युक्तिवाद जाहिराती यादींतून वारंवार आढळतो, तो म्हणून टिकत नाहीं. चित्र सोन्याखालीं नसतें. सोन्याच्या मागें असतें. एका शब्दाच्या घोटाळ्यानें शंभर वर्षांची चूक होते.

३

पुस्तकाच्या कडेवर कांहीं लिहावें वा रंगवावें, ही कल्पना प्राचीन आहे. पुस्तकें आडवीं, किंवा पाठ भिंतीकडे व कड बाहेर अशीं ठेवण्याचा प्रघात जोंवर होता, तोंवर ग्रंथनाम कडेवर लिहिणेंच सोयीचें होतें. या प्रघाताचें परम सुंदर फळ म्हणजे इटलींतील बेल्लूनो येथील पिल्लोने घराण्याचा ग्रंथसंग्रह. टिशियनचा नातलग चेझारे वेचेल्लियो यानें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या संग्रहांतील दीडशेच्या आसपास ग्रंथांच्या कडांवर चित्रें काढलीं. तीं मिटल्या पुस्तकावर उघड दिसतात, आणि पुष्कळदां ग्रंथकर्ता किंवा ग्रंथाचा विषय दाखवितात. म्हणजे तीं एका अर्थीं सूचिपत्राचेंच काम करितात. हा संग्रह विसाव्या शतकांत विखुरला, ही खेदाची गोष्ट होय. कारण या चित्रांचा अर्थ एकेका पुस्तकांत नसून फडताळांत ओळीनें उभ्या असलेल्या सगळ्या पुस्तकांत होता.

लपलेल्या चित्राचा उगम मात्र इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या मध्यास दिसतो. याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या स्नेहांतील एक डचेस त्याचीं पुस्तकें वाचावयास नेई व परत करण्यास विसरे. तेव्हां राजानें चित्रकार सर पीटर लेली व राजाचा पुस्तकबांधणीकार सॅम्युएल मर्न यांस एखादी गुप्त खूण शोधण्यास सांगितलें. पुढें राजा तिच्या घरीं गेला असतां त्यानें आपलें पुस्तक ओळखलें. ‘हें माझें आहे’ असें ती म्हणतांच त्यानें पानें पसरून आंतील राजचिन्ह दाखविलें.

गोष्ट रंजक आहे, आणि रंजक आहे म्हणूनच ती टिकून राहिली आहे. परंतु कलेच्या उगमाचें प्रमाण म्हणून ती घेतां येत नाहीं. चार्ल्स इ. स. १६६० मध्यें गादीवर परत आला. लपलेल्या कडचित्राचें सर्वांत जुनें ज्ञात उदाहरण इ. स. १६४९ चें आहे. आणि सही व साल दोन्ही असलेलें पहिलें ज्ञात उदाहरण, एका कुटुंबाचें कुलचिन्ह, इ. स. १६५३ मध्यें काढलेलें आहे. म्हणजे राजा परदेशांत भटकत होता तेव्हांच ही युक्ति माहीत झालेली होती. राजाच्या कल्पकतेनें ती जन्मास आली नाहीं. फार तर राजाच्या नांवानें तिला प्रतिष्ठा मिळाली. लोककथेंत कर्तृत्व नेहमीं मोठ्या नांवाकडे वाहत जातें. आमच्याकडे डोंगरांतलें प्रत्येक जुनें लेणें पांडवांनीं एका रात्रींत खोदलेलें असतें, त्यांतलाच हा प्रकार.

वरील १६५३ च्या उदाहरणांत आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या बायबलावर तें कुलचिन्ह आहे, तें इ. स. १६५१ मध्यें छापलेलें आहे. सालासह सही असलेल्या पहिल्याच नमुन्यांत मुद्रणाचें साल व चित्राचें साल एक नाहीं! अंतर दोनच वर्षांचें असलें तरी तत्त्व तेथेंच सिद्ध झालें.

४

ही कला भरास आली ती हॅलिफॅक्स येथील एडवर्ड्स घराण्याच्या हातीं. विल्यम एडवर्ड्स (१७२३–१८०८) हा यॉर्कशायरमधील ग्रंथविक्रेता व पुस्तकबांधणीकार. त्याच्या मुलांपैकीं जेम्स व जॉन यांनीं इ. स. १७८४ मध्यें लंडनमधील पॅलमॅल रस्त्यावर दुकान थाटलें. दुसरा मुलगा रिचर्ड यानें इ. स. १७९७ मध्यें एडवर्ड यंगच्या काव्याची ब्लेकच्या चित्रांसह आवृत्ति काढली, हें ग्रंथप्रेमी जाणतातच. या घराण्यानें कुलचिन्हें व फुलवेली यांच्या जागीं निसर्गदृश्यें आणलीं; आरंभीं तपकिरी वा करड्या अशा एकाच रंगांत, व पुढें सर्व रंगांत. नदी, तिच्यावरील पूल, पलीकडे एखाद्या उमरावाचा वाडा, असें हें दृश्य असे. आठ इंच लांब व इंच-सव्वाइंच रुंद अशा पट्टीस याहून अनुरूप विषय सांपडणें कठीण. उभा मनुष्य तींत मावत नाहीं, आडवी नदी सहज मावते.

एडवर्ड्स यांची योग्यता निर्विवाद आहे. परंतु तिचाच आधार घेऊन एक खोटें चलन सुरू झालें. कोठलेंहि बरें निसर्गदृश्य कडेवर दिसलें कीं विक्रेता ‘हॅलिफॅक्सचे एडवर्ड्स’ हें नांव लावून मोकळा होतो. याच्या समर्थनार्थ जेम्स एडवर्ड्स यास इ. स. १७८५ मध्यें मिळालेला हक्कपरवानाहि पुढें करण्यांत येतो. वास्तविक तो परवाना कडचित्रांचा नव्हेच. चर्मपत्र पारदर्शक करून त्याच्या खालच्या बाजूस चित्र काढावें व तें पुस्तकाच्या वेष्टनास लावावें, या युक्तीचा तो होता. एका कलेचा दाखला दुसऱ्या कलेच्या पुराव्यांत दाखल करणें हें न्यायास धरून नाहीं.

५

मग कडचित्राचा काल ठरवावा कसा? आमच्या मतें येथें तीन काल प्रथमच वेगळे केले पाहिजेत: मुद्रणाचा काल, बांधणीचा काल व चित्राचा काल. मुद्रणकाल पुस्तकावर छापलेला असतो. बांधणीचा काल चामडें, ठसे व शिवण यांवरून अजमावतां येतो. चित्राचा काल या दोहोंपैकीं एकावरूनहि निघत नाहीं. तो चित्रावरूनच काढावा लागतो.

चित्रांतील विषय कांहीं वेळां साह्य करितो. पण तें साह्य एकेरी आहे, हें विसरूं नये. समजा, इ. स. १८०० मध्यें छापलेल्या एका काव्यग्रंथाच्या कडेवर लंडनच्या पार्लमेंटाचा घड्याळाचा मनोरा दिसला. तो मनोरा इ. स. १८५९ मध्यें पुरा झाला; अर्थात् चित्र त्यापूर्वींचें नाहीं, हें निश्चित. आतां उलट पक्ष घ्या. तशाच पुस्तकावर इ. स. १८३१ मध्यें पाडलेला लंडनचा जुना पूल दिसला. यावरून चित्र १८३१ पूर्वींचें ठरतें काय? मुळींच नाहीं. कडचित्रें काढणारे पुष्कळदां छापील खोदचित्रांवरून नक्कल करीत. आणि जुन्या पुलाचीं खोदचित्रें पूल गेल्यावरहि बाजारांत होतींच. नवी वस्तु दिसली तर चित्राची पूर्वमर्यादा मिळते. जुनी वस्तु दिसली तर उत्तरमर्यादा मिळत नाहीं. पुराणांचा काल ठरवितांना हाच न्याय आपण लावतों. वायुपुराणांत गुप्त राजांचा उल्लेख आहे, म्हणून तो भाग गुप्तांपूर्वींचा नव्हे. परंतु एखाद्या पुराणांत अतिप्राचीन राजांचीच नांवें आहेत, एवढ्यावरून तें अतिप्राचीन ठरत नाहीं.

याहून बळकट प्रमाण म्हणजे हस्तसाम्य. एकाच चित्रकाराचा हात, त्याचीं झाडें काढण्याची लकब, पाण्यावरील छाया, आकाशाचा रंग, हीं इ. स. १७९० च्या पुस्तकावरहि दिसलीं व इ. स. १८६० च्या पुस्तकावरहि दिसलीं, तर तो मनुष्य पहिल्या पुस्तकाचा समकालीन असूं शकत नाहीं. या दृष्टीनें अमेरिकेंतील दोन ग्रंथांची तुलना उद्बोधक आहे. कोल्बी कॉलेजांतील अध्यापक कार्ल वेबर यांनीं इ. स. १९४९ मध्यें एक हजार एक कडचित्रांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, व इ. स. १९६६ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. विखुरलेली सामग्री एकत्र आणून या विषयास त्यांनीं अभ्यासाचें रूप दिलें. हें ऋण मोठें आहे. तथापि गणना म्हणजे निर्णय नव्हे. त्यांचे नातू जेफ वेबर यांनीं इ. स. २०१० मध्यें चित्रकार व बांधणीकार यांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यांत हात ओळखण्याकडे लक्ष वळविलें. आणि तेथें हा विषय खऱ्या अर्थानें शास्त्र झाला. आजोबांनीं पुस्तकें मोजलीं, नातवानें माणसें ओळखलीं, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

या शोधांतून जीं माणसें पुढें आलीं तीं आमच्या म्हणण्यास पुष्टि देतात. जॉन बियर हा इंग्रज व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याच संग्रहांतील पुस्तकांवर कडचित्रें काढीत असे. त्यांत त्याच्या काळाहून फार जुनीं पुस्तकेंहि होतीं. त्याच्या मरणानंतर इ. स. १९०३ मध्यें तीं लिलांवांत विकलीं गेलीं. मिस करी या चित्रकर्त्रीनें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत केलेल्या कडचित्रांवर आपलें नांव व अनुक्रमांक घातले. आमच्या काळांतील इंग्लंडचे मार्टिन फ्रॉस्ट यांनीं तीन हजारांहून अधिक कडचित्रें काढलीं आहेत. या तिघांकडे लबाडी कोठेंच नाहीं. लबाडी येते ती सही नसलेल्या चित्राचें साल मुखपृष्ठावरून वाचून दाखविणाराकडे. अनामिक कारागिरानें पोटासाठीं काम केलें. त्याचें नांव पुसून त्याचें श्रेय शंभर वर्षांपूर्वींच्या मनुष्यास देणें हा त्या कारागिरावरहि अन्याय आहे.

६

कालाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी गुणाचा प्रश्न उरतोच. या चित्रांस कला म्हणावें कीं केवळ करामत? आमच्या साहित्यशास्त्रांत या प्रश्नाचें उत्तर देण्यास एक उपयुक्त विभागणी आहे. मम्मटानें काव्याचे तीन वर्ग केले: व्यंग्यार्थ जेथें प्रधान तें उत्तम, व्यंग्यार्थ जेथें गौण तें मध्यम, आणि जेथें व्यंग्यार्थ नसून शब्दार्थांचा चमत्कार तेवढा आहे तें चित्रकाव्य अधम. लपलेली वस्तु ही स्वतः होऊन गुण नव्हे. ती उघड अर्थांतून उमलली पाहिजे.

हा निकष कडचित्रांस लावून पाहावा. रॉबर्ट म्यूडी याचीं चार ऋतूंवरील पुस्तकें इ. स. १८३७ चीं आहेत. त्यांचा एक संच अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत असून, प्रत्येक पुस्तकाच्या कडेंत त्या त्या ऋतूचें दृश्य लपलें आहे. येथें वाचक जें वाचतो त्याचाच प्रतिध्वनि कडेंतून उठतो. वाच्य व व्यंग्य यांचा संबंध आहे. हें चित्र केव्हांचें हा प्रश्न निराळा. परंतु योजना पहिल्या वर्गाची आहे. सरोवरांच्या देशावरील काव्याच्या कडेंत सरोवर, प्रार्थनाग्रंथाच्या कडेंत मालकाच्या गांवचें देऊळ, हींहि त्याच पंक्तींत बसतात. जेथें चित्र सुबक पण ग्रंथाशीं त्याचें नातें नाममात्र, तो दुसरा वर्ग. आणि जेथें धर्मोपदेशाच्या पुस्तकांत घोड्यांच्या शर्यती दडविल्या आहेत, किंवा दुहेरी-तिहेरी करामतीसाठींच पुस्तक हातीं घेतलें आहे, तें शुद्ध चित्रकाव्य. तें पाहून मनुष्य एकदां ‘वा!’ म्हणतो, दुसऱ्यांदा पाहावेंसें त्यास वाटत नाहीं.

दुर्दैव असें कीं बाजारांत हाच क्रम उलटा लागतो. करामत जितकी अधिक, तितकी किंमत अधिक. त्यामुळें पुस्तक हें चित्राचें निव्वळ लांकूड होऊन बसतें. ज्याचा मजकूर कोणी वाचणार नाहीं असें, पण कागद जाड, कड रुंद व सोनें शाबूत असें जुनें पुस्तक या कामास उत्तम ठरतें. पुनः पुनः पसरल्यानें शिवण सैल होते, पाठ मोडते, कडेवरील वर्ख तडकतो. चित्र दाखवितां दाखवितां पुस्तक मरतें. म्हणून ज्यांच्यापाशीं असें पुस्तक आहे त्यांनीं तें क्वचित् व हलक्या हातानें पसरावें, जोर म्हणून करूं नये, आणि एकदां चांगलें छायाचित्र घेऊन पाहुण्यांस तेंच दाखवावें. विल्यम अँड मेरी कॉलेजांतील राल्फ वार्क संग्रहांत अशीं सातशेंहून अधिक पुस्तकें आहेत; बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत दोनशेंहून अधिक असून त्यांपैकीं बहुतेक अल्बर्ट विगिन यांच्या देणगीचीं आहेत, व त्यांचीं छायाचित्रें त्या ग्रंथालयानें सर्वांस खुलीं केलीं आहेत. हा मार्ग अनुकरणीय होय.

७

आतां आमच्याकडे वळूं. आमच्या पोथीस अशी कड नाहीं. तिचीं पानें सुटीं. वर-खालीं दोन पाटल्या, आणि भोंवतीं बासन. शिवण नसल्यानें पानें पंख्यासारखीं पसरून एक फलक करावा, ही कल्पना तिच्या घडणींतच बसत नाहीं. तथापि प्रश्न तोच आहे. जैन भांडारांतील चित्रित पाटल्या घ्या. पाटली पोथीपासून अलग होते. एका पोथीची दुसरीस लागते. पोथीच्या शकावरून पाटलीचा शक सांगणें, किंवा पाटलीच्या चित्रावरून पोथी जुनी म्हणणें, हें मुखपृष्ठावरून कडचित्राचा काल सांगण्यासारखेंच होय. पुष्पिकेची गोष्टहि तीच. लेखक आपल्यापुढील पोथीची पुष्पिका शकासह जशीच्या तशी उतरून घेतो, आणि मग दोनशें वर्षांनंतरची नक्कल मूळ प्रतीचा शक मिरवीत फिरते.

याहून गंभीर गोष्ट अशी, कीं जुन्या कागदावर नवें चित्र काढण्याचा धंदा आमच्या देशांत आज राजरोस चालू आहे. जुन्या बहींचीं पानें, संस्थानी मुद्रांकाचे कागद, फुटकळ पोथ्यांचीं पत्रें, यांवर हत्ती, उंट व राजे रंगवून तीं प्रवाशांस विकलीं जातात. चित्र काढणारा त्यास जुनें म्हणत नसेलहि; परंतु दोन हात फिरल्यावर ‘अक्षर जुनें आहे, तेव्हां चित्रहि जुनें’ हें वाक्य कोणी तरी उच्चारतोच. इंग्लंडांत नव्या चित्रासाठीं जुनें पुस्तक निदान अखंड राहतें. आमच्याकडे मात्र चित्रासाठीं पोथी फोडली जाते. एका पत्रावर घोडेस्वार चढतो, आणि उरलेली पोथी रद्दींत जाते. त्या पत्रावर कोणत्या ग्रंथाचा कोणता अध्याय होता, हें मग कोणासहि सांगतां येत नाहीं. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं भांडारकर संस्थेच्या विद्वानांनीं प्रत्येक प्रतीचें पान न् पान ताडून पाहिलें. अशा कामांत एका हरवलेल्या पत्राचें मोल काय, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको.

सबब आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक संग्राहकानें आपल्या नोंदवहींत एका सालाऐवजीं निरनिराळे रकाने आंखावे: ग्रंथाचा रचनाकाल, प्रतीचा लेखन वा मुद्रणकाल, बांधणीचा वा पाटलीचा काल, आणि चित्राचा काल. ज्या रकान्यास प्रमाण नाहीं तो रकाना कोरा ठेवावा. शेजारच्या रकान्यांतील आंकडा त्यांत उतरूं नये. वस्तु कोणाकडून, केव्हां व कोणत्या चिठीसह आली, ती चिठीहि जपून ठेवावी; विक्रेत्याचा दावा खोटा असला तरी तो दावा केव्हां झाला हें पुढील संशोधकास उपयोगी पडतें. आणि चित्र उत्तरकालीन ठरलें म्हणून तें पुसूं वा खरवडूं नये. प्रक्षेप ओळखावा, त्यास प्रक्षेप म्हणून खूण करावी, व जागच्या जागीं राहूं द्यावा. कारण प्रक्षेपासहि स्वतःचा काल आहे, कर्ता आहे, व इतिहास आहे.

कोऱ्या रकान्याची लाज वाटतां कामा नये. संग्रहाची प्रतिष्ठा त्यांतील वस्तु किती जुन्या यावर नसून, त्यांविषयीं लिहिलेलें किती खरें यावर अवलंबून आहे. इत्यलम्.